गल्ल्यावर बसून काय शिकणार?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढलेत): वय वीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, कॉलेज सकाळचं. सोलापुरात पूर्व भागात घर, घरात तेलुगू बोलतात. वडील टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. ही मुलगी चार महिन्यांपासून जुळे सोलापुरातल्या एका सुपरमार्केटमध्ये दुपारी तीन ते रात्री नऊ पार्ट टाइम कॅशियर आहे, पगार सहा हजार. दोनदा गल्ला शॉर्ट आला, एकदा २७० रुपये आणि एकदा ४३८, दोन्ही वेळा पगारातून कापून घेतले. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाले, "शिकायला मिळतंय ना तुला, आम्ही काय फी मागतोय का?" त्यात एका लग्नात काका सगळ्यांदेखत बोलले की गल्ल्यावरच बसायचं होतं तर बी.कॉम.ला पैसे कशाला घातले. एक मैत्रीण सीएच्या क्लासला जाते, दुसरी पुण्याला गेली. "ताई, मी स्वभावाने बुजरी आहे, लाईन लांब झाली की हात कापतात. नोकरी सोडून टॅलीचा (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा) कोर्स लावू का? की इथंच राहून काही शिकता येईल? दिवसभर बारकोड मारून कोण काय शिकणार?"

सगळ्यात आधी ते ४३८ रुपये. बाकीचं नंतर बोलू, काका कुठं पळून जात नाहीत, पगारातून पैसे मात्र चाललेत.

गल्ला शॉर्ट आला की आपण लगेच धरून चालतो की आपल्याच हातून कुणाला तरी जास्त पैसे परत गेले. तूपण तेच धरलंयस, "माझंच चुकलं असणार" असं लिहिलंयस. असेलही. पण आधी आकडा बघ की. नोट जास्त गेली, सुट्ट्यात गडबड झाली, तर फरक बहुतेक वेळा गोल येतो, १०, ५०, १००, ४००. ४३८ असा वाकडा आकडा सुट्टे देताना सहसा जात नाही. असा आकडा दिसला की पहिला संशय एका अख्ख्या बिलावर घ्यायचा. म्हणजे बघ, गिऱ्हाईकाने यूपीआयने पैसे दिले, पाठीमागे सात-आठ माणसं उभी, आणि बिल क्लोज करताना तुझं बोट कॅशच्या बटणावर पडलं. आता कॉम्प्युटर म्हणणार ४३८ रोख आले, गल्ल्यात तर ते नाहीत, कारण ते थेट दुकानाच्या बँक खात्यात जाऊन बसलेत. तुझ्याकडे ४३८ कमी आणि त्याच तारखेला यूपीआयला ४३८ जास्त. असं झालं असेल तर दुकानाचा एक रुपया बुडालेला नाही, बुडाले ते तुझेच. म्हणून त्या दिवशीचा यूपीआयचा रिपोर्ट आणि कॉम्प्युटरमधला यूपीआय विक्रीचा आकडा शेजारी ठेवून बघायला सांग, आणि त्या दिवशीच्या बिलांत बरोबर ४३८ चं बिल आहे का ते शोध. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, ते न करताच पगार कापला असेल तर ते बरोबर नाही.

२७० चं प्रकरण वेगळं. २७० ला ९ ने भाग जातो. हिशोब लिहिणारी जुनी माणसं फरकाला ९ ने भाग गेला की आधी आकडे मागेपुढे लिहिले गेलेत का ते बघतात. ३,६३० च्या जागी ३,३६० लिहिलं की फरक येतो बरोबर २७०. दर वेळी तसंच असेल असं नाही, ९ ने भाग जाणारे आकडे ढीगभर आहेत, पण रात्री नऊला सहा तास उभं राहून झाल्यावर ५०० च्या किती, २०० च्या किती, १०० च्या किती हा कागद भरताना आकडा उलटा पडणं अगदी सहज होतं. नोटा बरोबर आणि कागद चुकीचा. तो कागद ठेवलेला असेल तर मागून घेऊन परत बेरीज कर.

आता हे वाचताना तुला काही ओळखीचं वाटलं का? अकरावीला बँक जुळवणी पत्रक होतं तुम्हाला, पासबुकाप्रमाणे एवढे, रोकडपुस्तकाप्रमाणे एवढे, फरक का ते शोधा. पोरं ते गणितासारखं पाठ करून पाच-सहा मार्क मिळवतात आणि विसरून जातात. तुझ्यासमोर ते रोज रात्री नऊला खऱ्या नोटांत येतंय, आणि तू मला विचारतीयेस बारकोड मारून कोण काय शिकणार.

कापलेल्या पैशांचं अजून एक. कॅशियरच्या ताब्यातले पैसे कमी आले तर पगारातून कापताच येत नाहीत असं नाही. १९३६ चा जुना पगाराचा कायदा घे नाहीतर त्याच्या जागी आलेली २०१९ ची वेतन संहिता घे, दोन्हीत तशी कपात बसते, पण त्याला अटी आहेत. नुकसान थेट तुझ्या निष्काळजीपणामुळे झालेलं पाहिजे, आणि कापायच्या आधी तुझं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. नुसतं "शॉर्ट आला, कापले" एवढ्यावर ते बसत नाही. भांडायला जाऊ नकोस, तुझा तो पिंडही नाही आणि गरजही नाही. एकच वाक्य पाठ कर: "सर, शॉर्ट आला तर मी जबाबदारी घेते, फक्त कापायच्या आधी माझ्यासमोर हिशोब बघू आणि पगाराच्या चिठ्ठीवर किती कापले ते लिहून द्या." मागणी साधी आहे, आणि लिहून द्यायचं म्हटलं की बऱ्याच दुकानांत कापाकापी आपोआप कमी होते, हे मी तुला खात्रीने सांगते.

पुढं शॉर्ट येऊ नये म्हणून काय. शिफ्ट सुरू करताना गल्ल्यात सुट्ट्यासाठी जे पैसे देतात ते मोजल्याशिवाय हात लावायचा नाही, देणाऱ्याच्या समोर मोजायचे, आकडा लिहायचा, दोघांची सही. "मी मोजलेत गं, घे" असं कुणी म्हणालं तरी मोजायचे. तुझ्या लॉगिनवर दुसऱ्या कुणाला बिल मारू द्यायचं नाही, पाणी प्यायला गेलीस तरी लॉक करून जा. तुझ्या शॉर्ट आलेल्या गल्ल्यांपैकी एखादा दुसऱ्याच्या हातचा नसेल कशावरून? मधेच मोठ्या नोटा वर ऑफिसला जमा करत असशील तर त्याचीही चिठ्ठी घे. आणि गिऱ्हाईकाने दिलेली नोट लगेच गल्ल्यात टाकायची नाही. ती ड्रॉवरच्या वर आडवी ठेवायची, तोंडाने मोठ्यांदा म्हणायचं "पाचशे घेतले", सुट्टे मोजून त्यांच्या हातात द्यायचे, ते हलले की मग नोट आत. "मी पाचशेची दिलेली, तू दोनशेची धरलीस" हे भांडण या एका सवयीने जागेवर मिटतं, नोट समोरच पडलेली असते ना.

आता तू बुजरी आहेस त्याबद्दल.

तुझी समजूत अशी दिसते की गल्ल्यावर तोंडाळ माणूस लागतो. मला तसं वाटत नाही. तोंडाळ कॅशियर गप्पा मारत बिल करतात आणि संध्याकाळी त्यांचाच हिशोब लागत नाही. गल्ल्यावर धीट असायला लागत नाही, चार-पाच वाक्यं तयार असायला लागतात, म्हणजे त्या क्षणी डोकं बंद पडलं तरी तोंड चालू राहतं. गिऱ्हाईक ओरडलं: "दोन मिनिटं द्या काका, बघून सांगते." रेट जास्त लागला म्हणाले: "पाकीट दाखवा, छापील किमतीपेक्षा जास्त लागलं असेल तर लगेच कमी करते." छापील किमतीत सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्यावर एक पैसा घेता येत नाही, हे तुला माहीत असलं की आवाजात आपोआप दम येतो. मोबाईल नाचवत "पेमेंट गेलंय, हे बघ स्क्रीनशॉट" म्हणाले: "आमच्याकडे पैसे आल्याचा आवाज येऊ दे, मग देते पिशवी." स्क्रीनशॉटवर कधीही माल सोडू नको, खोटे स्क्रीनशॉट बनवणारे भरपूर सुटलेत, आणि त्यात गेलेले पैसे पुन्हा तुझ्याच पगारातून निघतील. ५०० ची नोट घेताना जरा तिरकी कर, मधला धागा हिरव्याचा निळा होतो, दोन्ही कडांना पाच तिरप्या रेषा बोटाला लागतात. हे दिव्याकडे धरून नोट तपासण्यापेक्षा पटकन होतं आणि समोरच्याला अपमानही वाटत नाही. दहाचं नाणं कुणी घेत नसेल तर सांग की रिझर्व्ह बँकेने सगळ्या डिझाइनची नाणी चालतात असं वेळोवेळी सांगितलंय. आणि सुट्ट्याऐवजी चॉकलेट हातावर ठेवू नको बाई, साहेबांना सांग सकाळीच चिल्लर आणून ठेवा.

हात कापतात ते लाईनकडे बघितल्यामुळे. समोरच्या माणसाची टोपली संपेपर्यंत मान वर करायची नाही. लाईन कमी करणं हे तुझं काम नाही, दुसरं काउंटर उघडणं हे सुपरवायझरचं काम आहे.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षातच आलेली दिसत नाही म्हणून सांगते. तू पत्रात "घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे मराठी जरा कच्चं" असं माफी मागितल्यासारखं लिहिलंयस. अगं, सोलापुरात गल्ल्यावर तेलुगू येणारी मुलगी म्हणजे मालकाला केवढी सोय! अशोक चौकातल्या आजीने तेलुगूत विचारलं तर तू उत्तर देशील, दुसरी कॅशियर नुसती बघत बसेल. थोडं कन्नड उचल, अक्कलकोट आणि दक्षिण तालुक्यातली माणसं येतातच तुझ्याकडे, आकडे आणि "किती झाले", "सुट्टे आहेत का" एवढं कन्नडमध्ये आलं तरी पुष्कळ. आपली सोलापुरी हिंदी तर तुला येतच असणार. पुण्याला गेलेल्या तुझ्या मैत्रिणीला हे शिकायला वेगळे पैसे मोजावे लागले असते.

आता काकांकडे येऊ. काकांचं म्हणणं असं की शिकलेल्या पोरीने गल्ल्यावर बसणं कमीपणाचं. पण चाटी गल्लीत नाहीतर नवी पेठेत कुठल्याही जुन्या दुकानात जाऊन बघ, गल्ल्यावर कोण बसलेलं असतं? शेठ स्वतः. नाहीतर त्याचा मुलगा. वीस वर्षं नोकरीला असलेला माणूस थान उलगडून दाखवतो, बिल लिहितो, पण पैशाच्या पेटीची किल्ली त्याच्याकडे जात नाही. पेटी सगळ्यात शेवटी दुसऱ्याच्या हातात द्यायची असते हे सोलापूरच्या व्यापाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. सुपरमार्केट आली तशी ती जागा पगारावर माणसं ठेवून भरायला लागले आणि तिचा मान उतरला, एवढंच झालंय. काकांना हे ऐकवायला जाऊ नकोस, लग्नात बोललेल्या गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं. तुला स्वतःला माहीत असू दे म्हणून सांगितलं.

पण मी जर इथं थांबले तर तुला वाटेल ताई म्हणतीये सगळं छान आहे, करत राहा. तसं नाही. कारण तुझे सुपरवायझर म्हणतात ते "शिकायला मिळतंय ना" हे वाक्य मला काकांच्या वाक्यापेक्षा जास्त खटकलंय. हे वाक्य आपल्याकडे कारखान्यात, दवाखान्यात, वकिलाच्या ऑफिसात, सगळीकडे कमी पगाराच्या वर टाकायला चादरीसारखं वापरतात. शिकवतो म्हणणाऱ्याला विचारायचं, बरं सर, या महिन्यात काय शिकवणार? बारकोड मारणं, पैसे घेणं, पिशवी भरणं, हे पंधरा दिवसांत येतं, फार तर महिन्यात. त्यानंतरचे तीन महिने तू तेच केलंयस, तर ते काम आहे, कामाचा पगार आहे, त्याला शिक्षण म्हणायचं कारण नाही. तुला शिकायला मिळत नाहीये असं तुला वाटतं ते त्यामुळेच, आणि ते तुझं वाटणं बरोबर आहे. चुकतंय एवढंच की तू त्याचा दोष कामाला देतीयेस. दुकानात शिकण्यासारखं भरपूर आहे, ते तुझ्या काउंटरपासून दहा पावलांवर आहे आणि मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.

मागायचं म्हणजे काय मागायचं, ते सांगते.

पहिलं, आठवड्यातून एक दिवस एक तास मालाच्या आवकीला बसू द्या म्हणून सांग, कमी गर्दीची दुपार बघून. टेम्पोतून माल उतरतो तिथं पुरवठादाराचं बिल आणि प्रत्यक्ष आलेली खोकी जुळवतात, एक्स्पायरी बघतात, कमी आलं तर तसं लिहून घेतात. खरेदीच्या बिलावर बघ एचएसएन कोड असतो, म्हणजे मालाच्या प्रकाराचा नंबर, आणि सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) अर्धा अर्धा असतो. कॉलेजात जीएसटीचा धडा वाचून जे कळत नाही ते एका साबणाच्या बिलावर कळतं. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, वह्या आणि पेन्सिलींचा टॅक्स शून्य झाला. असा बदल झाला की जुन्या किमतीचा माल शेल्फवर असताना कॉम्प्युटरमध्ये नवीन रेट कसे टाकले, कुणी टाकले, गिऱ्हाईकं काय म्हणाली, हे तुझ्या दुकानातल्या जुन्या माणसांना विचार, ते रंगवून सांगतील. सुटी तूरडाळ घेतली तर टॅक्स शून्य आणि तीच डाळ छापील लेबलच्या पाकिटात आली की ५ टक्के, हे परीक्षेत विचारलं तर तू विसरशील का आता?

दुसरं, बारकोडकडे जरा नीट बघ. १३ आकडे असतात, आपल्याकडच्या कंपन्यांचा बहुतेक ८९० ने सुरू होतो. शेवटचा आकडा हा आधीच्या बाराच्या हिशोबातून आलेला असतो, म्हणून स्कॅन होत नाही म्हणून हाताने टाईप करताना एक आकडा चुकला तर मशिन घेत नाही. आणि तुमच्याच दुकानात काट्यावर वजन करून जे स्टिकर चिकटवतात ते २ ने सुरू होतं, त्याच्या आत मालाचा नंबर आणि वजन किंवा किंमत भरलेली असते. एकदा हे कळलं की "शेंगदाण्याचं स्टिकर काजूला लागलंय" हे तू स्क्रीनवर नाव यायच्या आधी ओळखशील, आणि अशी चूक पकडणारी कॅशियर मालकाच्या लक्षात राहते.

तिसरं मला स्वतःला सगळ्यात आवडतं, आणि याला कुणाची परवानगीही लागत नाही. एक साधी वही कर, शंभर पानी, घरी येऊन चार ओळी लिही, आज काय जास्त गेलं, काय लोकांनी मागितलं आणि नव्हतं, कुठलं गिऱ्हाईक कशावरून परत गेलं. जुळे सोलापुरात पहिल्या दहा तारखेत यादी घेऊन महिन्याचं सामान भरतात. तुझ्या वडलांचा पगार आठवड्याला होतो, आईच्या विड्यांचाही, तर तुमच्या भागातलं किराणा दुकान आठवड्याच्या हिशोबाने चालतं, अर्धा किलो, पावशेर, उधारी. दोन्ही तुला आतून माहीत आहे. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात काय खपतं, आषाढीला साबुदाणा आणि भगर कधी संपतात, श्रावणात अंड्यांचा खप किती पडतो, दिवाळीआधी बेसन-मैद्याची लाट कधी सुरू होते, हे कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट असेल तर सगळे इंटरनेटवरून उतरवतील, तुझ्याकडे स्वतःची वही असेल. नव्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट असतात, तुझं हे काम त्यात धरतील का ते कॉलेजात सरांना विचारून ठेव, नाही म्हणाले तर तुझं काही जात नाही.

आता टॅली. टॅलीला माझा विरोध नाही, शीक, सोलापुरात सूत, टॉवेल, किराणा, औषधं, कुठल्याही ऑफिसात गेलीस तरी टॅली येतं का हेच विचारतात. पण "नोकरी सोडून टॅली" हा हिशोब मला पटत नाही. क्लास दिवसातून तास-दीड तासाचा असतो, त्यासाठी सहा तास मोकळे करायचे आणि सहा हजार सोडायचे? आणि जिने कधी खरेदीचं बिल हातात धरलेलं नाही तिला टॅलीत परचेस एंट्री शिकवली की ती बटणं पाठ करते, F9 दाबा, एंटर, एंटर. जिने आवकीला बसून बिल जुळवलंय तिला कळतं आपण काय भरतोय. म्हणून आधी आवक, मग टॅली, आणि फी याच पगारातून बाजूला काढ. तुझं स्वतःच्या नावाचं खातं असेल तर पगार त्यातच घे, घरात किती द्यायचे ते आईशी बोलून ठरव, पण महिन्याला हजार-पंधराशे या शिक्षणाचे म्हणून वेगळे. आई विड्यांचा हिशोब ठेवते, तिला हे समजावून सांगायला लागणार नाही. उलट तिलाच विचार, विड्या जमा करताना खराब म्हणून बाजूला काढल्या की ती काय करते, गप्प येते का मोजून घेते. कपातीबद्दल माझ्यापेक्षा तीच तुला जास्त सांगेल.

सीएच्या मैत्रिणीशी तुलना करायची तर एकदा खरोखर कर. तुला सीए करायचंय का? मनापासून हो असेल तर ही सहा तासांची नोकरी त्यात बसत नाही, फाउंडेशनलाच, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेलाच, रोजचे भरपूर तास जातात, तेव्हा घरी बोल, शनिवार-रविवारची शिफ्ट मिळते का विचार, आणि नाही मिळाली तर खुशाल सोड. पण तुझ्या पत्रात मला सीए करायचंय असं कुठंच नाही, "ती करते" एवढंच आहे. पुण्याच्या मैत्रिणीचंही तेच. पुण्यात गेलेली तिथं काय करते, किती पगार, रूमचं भाडं किती, महिन्याला उरतं काय, हे तुला माहीतच नाही, तू फक्त तिचे फोटो बघितलेत. सोलापुरातल्या निम्म्या पोरापोरींना आपण मागे पडलो असं वाटतं ते या फोटोंमुळेच, हा एक वेगळाच रोग झालाय आपल्याकडे.

तिसरा एक मार्ग आहे ज्याचा तू विचार केलेला नाही. एखाद्या टॅक्स सल्लागाराच्या नाहीतर सूत व्यापाऱ्याच्या ऑफिसात अर्धवेळ हिशोबाचं काम. सुरुवातीला पगार कदाचित सहा हजारांपेक्षा कमी असेल, पण बसून काम, बी.कॉम.च्या जवळचं काम, आणि दुकानात दोन महिने आवक शिकून गेलीस तर कोरी म्हणून जाणार नाहीस. माझं विचारशील तर मी या सेमिस्टरच्या परीक्षेपर्यंत इथंच राहीन, वर सांगितलं ते मागेन, आणि परीक्षेच्या सुट्टीत असं ऑफिस शोधायला लागेन. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात तास कमी करून मागायचे, सहाचे चार, ते आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी सांगितलं की सगळे तोंड वाकडं करतात. आणि आवकीला बसू देत नाहीत, चिठ्ठी देत नाहीत, पुन्हा न विचारता पैसे कापले, तर परीक्षेची वाट बघू नकोस. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत व्हायला पाहिजे, तो हातात पडला की सांगून मोकळी हो. सुपरमार्केट काय एकच नाही सोलापुरात.

दोन बारीक गोष्टी, ज्या पत्रात तू एका ओळीत उरकल्यास. पाय दुखतात म्हणालीस. कॅशियरला स्टूल मागताना लाजायचं कारण नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायची असं कायद्यातच लिहून टाकलं, कापडाच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी केरळात त्यासाठी मोठा लढा दिला होता. एक उंच स्टूल ठेवलं की बसूनही बिल होतं. आणि रात्रीचं. जुळे सोलापूर ते पूर्व भाग म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं टोक, हिशोब करून निघेपर्यंत साडेनऊ होणार. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानांच्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षिततेची, घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर येते, तो कायदा लहान टपऱ्यांना नाही पण मोठ्या दुकानांना लागू आहे. तेव्हा काउंटर साडेआठला बंद करून लगेच हिशोब सुरू करू द्या, अशी विनंती कर. तुमच्या बाजूची अजून कुणी मुलगी असेल तर दोघींनी मिळून रिक्षा ठरवा.

तुझ्यासारखीच पत्रं मेडिकलच्या काउंटरवर बसणाऱ्या, पेट्रोल पंपावर पैसे घेणाऱ्या, हॉटेलात बिलं करणाऱ्या पोरापोरींचीही येतात, त्यांनाही हेच लागू आहे, फक्त मालाच्या आवकीच्या जागी मेडिकलवाल्यांनी बॅच नंबर आणि एक्स्पायरीचं रजिस्टर मागा, पंपावरच्यांनी मशिनचं रीडिंग आणि विक्री जुळवायला शिका.

आणि बायोडाटा. "पार्ट टाइम कॅशियर, चार महिने" एवढंच लिहून पाठवू नकोस, वाचणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. रोज किती बिलं करतेस आणि साधारण किती रोकड हाताळतेस ते आठवडाभर टिपून घे आणि तो आकडा लिही. रोख, कार्ड आणि यूपीआयचा रोजचा हिशोब जुळवते असं लिही. मराठी, तेलुगू, हिंदी बोलते, कन्नड समजते असं लिही, कन्नड खरंच समजायला लागल्यावर. आवकीला बसायला लागलीस की खरेदी बिलं तपासते हे घाल. आणि ते ४३८ चं बिल यूपीआयच्या रिपोर्टात सापडलं तर मुलाखतीत "तुम्ही स्वतःहून सोडवलेला एखादा प्रॉब्लेम सांगा" असं विचारतात तेव्हा तेच सांग, तारखेसकट.